बागेतलं तळं: आत पडलेला जीव बाहेर कसा येईल?

या वेळच्या प्रश्नांत अंगणातल्या हौशी तळ्यापासून शेततळ्यापर्यंत सगळं आहे. कुत्रं, मांजर, मुंगूस, खार या सगळ्यांना थोडंफार पोहता येतं. तरीही ते बुडून मरतात, कारण काठ उभा आणि गुळगुळीत असतो, पंजा रोवायला जागा नसते आणि काठाकाठाने फिरून ते दमतात. म्हणून उत्तरांत आम्ही कुंपणापेक्षा बाहेर येण्याच्या वाटेवर जास्त भर दिला आहे. कुंपणाचं फाटक कधीतरी उघडं राहतंच.

प्रश्न: बंगल्यासमोर आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल असं सिमेंटचं तळं आहे. आतून घोटून गुळगुळीत केलं आहे, काठाला कडप्पा बसवला आहे. आता घरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय. शेजारची मांजरंही येतात. वरून जाळी टाकावी की तळं सरळ बुजवावं? (नाशिक)

बुजवू नका. तळ्यात एक उतार बांधून घ्या. गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे.

उतार कायम लांब भिंतीला चिकटून हवा, मधोमध नको. पाण्यात पडलेलं जनावर मध्ये थांबत नाही, काठ धरून पोहतं. मधला उतार त्याला सापडतच नाही. चढ असा ठेवा की एक फूट उंचीला दोन फूट लांबी मिळेल. याहून उभा चढ ओल्या पंजांना झेपत नाही. रुंदी मांजरासाठी फूटभर पुरते, लॅब्रॅडॉरसाठी दीड फूट ठेवा.

उंची किती, इथे बहुतेकांचं चुकतं. तळं काठोकाठ भरलेलं असताना माप घेतलं जातं आणि उताराचं खालचं टोक पाण्यात जेमतेम बुडेल एवढंच बांधलं जातं. नाशिकसारख्या कोरड्या हवेत मे महिन्यात उघडं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरतं. पंधरवडाभर पाणी घातलं नाही की पातळी अर्धा फूट खाली आणि उताराचं टोक अधांतरी. तुमच्या तळ्यात पाणी काठापासून सहा इंच खाली राहतं असं धरू. उन्हाळ्यातली घट एक फूट धरा आणि त्याखाली आणखी सहा इंच उतार पाण्यात बुडालेला हवा, म्हणजे पोहणाऱ्या जनावराचे पुढचे पाय आधी त्यावर टेकतील. एकूण उंची झाली दोन फूट, म्हणून आडवी लांबी चार फूट. आठ फुटी भिंतीत ती आरामात बसते.

वीटकामावर गिलावा केल्यावर तो घोटू देऊ नका. ओला असतानाच अर्धा इंची खडी निम्मी दाबून बसवा आणि दर सहा इंचांवर इंचभर उंचीची आडवी पट्टी काढा. नुसता खरबरीत गिलावा पुरत नाही, कारण दोन-तीन महिन्यांत त्यावर शेवाळाचा थर बसतो आणि तो तेलासारखा निसरडा होतो. पट्ट्या असल्या की शेवाळ आलं तरी पाय अडतो. महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने उतार घासायचाच.

आता कडप्पा. दिसायला छान म्हणून तो दोन-तीन इंच आत काढलेला असतो. पोहणाऱ्या जनावराच्या दृष्टीने तळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच. नखं भिंतीला लागली तरी वरचं छज्जं ओलांडता येत नाही. उतार जिथे संपतो तिथला कडप्पा भिंतीलगत कापून घ्या. बाकीच्या कडेने जमलं तर पाण्याखाली चार इंचांवर नऊ इंच रुंदीचा कट्टा काढा. कमळाच्या कुंड्या त्यावर ठेवता येतील, पण उताराच्या तोंडाशी कुंडी नको.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. काम झाल्यावर तळं भरून आठवडाभर ठेवा आणि रिकामं करा, असं तीनदा करा. पीएच पट्टीवर आकडा ८.५ च्या खाली आल्यावरच मासे सोडा. तोवर ते पाणी कुत्र्यालाही पिऊ देऊ नका.

पाण्यावर पिस्टिया किंवा जलपर्णी दाटू देऊ नका. पिल्लाला ती हिरवळच वाटते आणि ते सरळ पाऊल टाकतं. अशा झाडांनी एक तृतीयांशाहून जास्त पाणी झाकलं जाऊ नये आणि काठालगत दीड फूट पाणी मोकळं दिसावं.

शेवटचं काम पिल्लाला शिकवण्याचं. बहुतेक कुत्री जिथून आत पडली तिथूनच वर यायला धडपडतात. छातीचा पट्टा बांधून त्याला तळ्याच्या प्रत्येक बाजूने पाण्यात घ्या आणि उतारापर्यंत न्या. न ओढता ते आपणहून उताराकडे वळू लागेपर्यंत हे थोड्या थोड्या दिवसांनी करत राहा. तोपर्यंत तळ्याभोवती अडीच फुटी जाळी ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र उतारावर अजिबात विसंबू नका. मुलांसाठी चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटकच हवं.

प्रश्न: शेतावर तीस मीटर बाय तीस मीटरचं प्लास्टिकचं शेततळं आहे, तीन मीटर खोल. कुत्री पडतात, मागे एक कोल्हा मेला. कडेने दोर सोडून ठेवलेत, उपयोग होत नाही. (पुरंदर)

दोर माणसासाठी ठीक, कुत्र्याला किंवा कोल्ह्याला तो धरता येत नाही. ओल्या प्लास्टिकवर तर चार पायांचं जनावरही उभं राहू शकत नाही. बाजू पंचेचाळीस अंशात असेल तर पाय टिकतच नाही, पण दीडास एक (दीड फूट आडवं, एक फूट उभं) अशा उतारावरही पाय घसरतात. शेततळ्यात माणसं बुडून मरतात ती याच कारणाने.

जुन्या टायरची शिडी करा. गाडीचा टायर साधारण दोन फूट व्यासाचा असतो. बाजूचा उतार एकास एक असेल तर बांधापासून तळापर्यंतची तिरकी लांबी सव्वाचार मीटर होते, त्याला सात टायर लागतात. दीडास एक असेल तर जवळपास साडेपाच मीटर, म्हणजे नऊ टायर. टायर एकाला एक १४ किंवा १६ मिलिमीटरच्या नायलॉन दोराने बांधा आणि वरचं टोक बांधाच्या बाहेरच्या बाजूला पुरलेल्या खांबाला अडकवा. प्लास्टिकमधून खुंटी ठोकू नका, गळती तिथूनच सुरू होते. कापलेला किंवा आतली तार उघडी पडलेला टायर वापरायचा नाही. टायरखाली जुन्या प्लास्टिकचा दुहेरी तुकडा अंथरा. पाण्याच्या वर राहणाऱ्या टायरना खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात त्यात डास होतील. मुंगूस, साप, सरडा अशा लहान जिवांसाठी टायरवरून दोन फूट रुंदीची काथ्याची चटई पसरून बांधा. उन्हापाण्यात काथ्या कुजतो, म्हणून दर पावसाळ्याआधी ओढून बघा.

चार कोपऱ्यांत चार आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक, अशा आठ शिड्या लागतील. मग काठाने पोहणाऱ्या कुठल्याही जनावराला एका दिशेने पंधरा मीटरच्या आत वाट मिळते. चारच करायच्या असतील तर कोपऱ्यांत करा.

पाच फुटी चेनलिंक कुंपण, खालची कड फूटभर जमिनीत गाडून, हे हवंच. पण जनावर तहानेपोटी येतं हे विसरू नका. कुंपणाबाहेर उथळ, बशीसारख्या उताराचा एक पाणवठा करून उन्हाळाभर भरता ठेवलात तर शेततळ्याकडे येणारी बरीचशी जनावरं तिथेच थांबतील. आमच्या मते कुंपणाइतकाच खर्च करण्याजोगा हा भाग आहे.

तरस, बिबट्या असं वन्य जनावर आत दिसलं तर स्वतः उतरू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गर्दी लांब ठेवा. त्यांची माणसं येईपर्यंत जनावराला टेकायला काहीतरी हवं असतं. जुन्नर भागात विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी आधी दोरांनी खाट सोडतात, पिंजरा त्यानंतर उतरवतात. लाकडी खाट किंवा फळ्यांचा तराफा दोराला बांधून बांधावरून सोडणं तुम्हालाही जमेल.

प्रश्न: कुत्रा पाण्यातून बेशुद्ध निघाला तर डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत काय करायचं? (सातारा)

मागचे पाय धरून गरगर फिरवू नका. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलट श्वासनलिकेत जातं. आडवा निजवा, जीभ बाहेर ओढून तोंडातला चिखल, शेवाळ बोटाने काढा. श्वास नसेल तर तोंड हाताने मिटून नाकात फुंका, छाती उचलली गेली पाहिजे. मग छातीच्या रुंद भागावर, छाती एक तृतीयांश ते निम्मी दबेल असा दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. तीस दाब, दोन श्वास, असं चालू ठेवत गाडीत घाला. मांजर किंवा छोटं कुत्रं असेल तर एका हाताच्या पंजात छाती धरून दाबा.

उठून चालायला लागला तरी डॉक्टरकडे न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उफाळतो.

प्रश्न: खंड्या आणि मांजर मासे पळवतात म्हणून तळ्यावर नायलॉनची जाळी ताणली. तिच्यात धामण अडकून मेली. दुसरी कोणती जाळी लावू? (कोल्हापूर)

मऊ नायलॉन जाळी पुन्हा लावू नका, कितीही बारीक असली तरी. साप डोकं घालतो, अंग अर्धं जातं, मागे सरताना खवले अडतात आणि धागा कातडीत रुततो. बेडकांचं आणि पक्ष्यांच्या पायांचं तेच होतं.

ताठ वेल्डमेश घ्या: ५० मिलिमीटरचे चौकोन, तार ४ मिलिमीटर. यातून बेडूक आणि बहुतेक साप मोकळेपणी ये-जा करतात, मांजराला आत जाता येत नाही. १२ ते २५ मिलिमीटरची जाळी टाळा, साप अडकतात त्या याच मापात. २५ मिलिमीटरच्या अँगलची चौकट करून दर दोन फुटांवर आडवा आधार द्या, म्हणजे मांजर वर बसलं तरी जाळी पाण्यात झुकणार नाही. गॅल्व्हनाइज्ड जाळी पाण्याला टेकू देऊ नका, सुटणारं जस्त माशांना बाधतं. खंड्या या जाळीने पूर्ण थांबणार नाही. त्यासाठी सहा इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे तळाशी ठेवा, मासे त्यात लपतात.

साप पुन्हा अडकलेला दिसला तर ओढू नका. सर्पमित्राला किंवा १९२६ वर कळवा.

प्रश्न: एप्रिलपासून तळ्याचं पाणी हिरवंगार होतं. कुत्रा तेच पितो. मोरचूद टाकू का? (अकोला)

मोरचूद नको. आधी हिरवं नेमकं काय आहे ते पाहा. पाण्यात काडी फिरवा. काडीला धागे गुंडाळले गेले तर ते साधं शेवाळ, निसरडं पण विषारी नाही. काडी रंगात बुडवल्यासारखी माखली आणि पाण्यावर निळसर हिरवी साय दिसत असेल तर ते नील-हरित जिवाणू असण्याची शक्यता मोठी. त्यांचं विष कुत्र्याच्या यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाव घालतं आणि त्यावर उतारा नाही. मोरचुदाने हे जिवाणू एकदम फुटतात आणि आतलं सगळं विष पाण्यात येतं. मासे आणि गोगलगायी मोरचुदानेच मरतात.

कुत्र्याला आजपासून लांब ठेवा आणि त्याच्या पाण्याचं भांडं तळ्याआधी दिसेल असं ठेवा. साय गाळणीने काढा, हातमोजे घालून. माशांचं खाणं निम्म्यावर आणा, लॉनच्या खताचं पाणी तळ्यात येत असेल तर बांध घाला, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, कारंजं चालू ठेवा. कुमुदिनीच्या पानांची सावली निम्म्या पाण्यावर आली की हिरवेपणा हळूहळू उतरतो.

कुत्रा त्यात भिजलाच तर अंग चाटण्याआधी नळाच्या पाण्याने धुवा. लाळ गळणं, उलटी, झोकांड्या, झटके यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. दूध किंवा मिठाचं पाणी पाजू नका. तळ्यातलं पाणी बाटलीत भरून डॉक्टरकडे सोबत न्या.

पावसाळ्यात याच पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस येतो, उंदरांच्या मुतातून. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. कण्हेर किंवा बिट्टी काठावर असेल तर तीही हलवा, दोन्ही विषारी आहेत आणि पानं पाण्यात पडत राहतात.

प्रश्न: कारंज्याचा पंप चालू असताना पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात. एमसीबी पडत नाही, म्हणजे धोका नाही ना? (सावंतवाडी)

पंप आत्ता बंद करा आणि प्लग काढा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, गळती नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ५० मिलिअँपिअरची गळती कळतही नाही, आणि जीव घ्यायला तेवढी पुरते. ओल्या अंगाचं, अनवाणी जनावर यात माणसाआधी सापडतं.

त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वायरला पाण्यात किंवा काठावर सांधा नको, चिकटपट्टीचा तर नकोच. कुत्री आणि उंदीर वायर कुरतडतात, म्हणून पूर्ण वायर जाड पीव्हीसी पाइपातून न्या. छोट्या कारंज्याला १२ किंवा २४ व्होल्टचा पंप घेतलात आणि अडॅप्टर घरात ठेवलात तर उत्तम. पंपाला खडीने भरलेल्या जाळीच्या टोपलीत बसवा, बेडकाची पिल्लं ओढली जात नाहीत. आणि पाण्यात पडलेल्या जनावरासाठी हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न: गच्चीवर कमळाचे प्लास्टिकचे टब आहेत. खारी आणि मधमाश्या त्यात मरतात. (ठाणे)

टबाच्या एका कडेला तळापासून काठाच्या वर येईल असा दगडांचा ढीग रचा. जागा नसेल तर मनगटाएवढी, साल असलेली फांदी तिरकी लावा आणि वर काठाला बांधून टाका. सुटी फांदी खार चढताच गोल फिरते. पाणी काठाच्या इंचभर खाली राहू द्या, अर्ध्या भरलेल्या टबात खार हमखास अडकते. मधमाश्यांसाठी बाटल्यांची बुचं किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे तरंगत ठेवा आणि ते कुजले की बदला.