फिजिओच्या रकान्यात अर्ज भरू नका

खानापूरच्या ताई, एक्सरसाइज फिजिऑलॉजीत, म्हणजे व्यायामाने शरीरात काय होतं त्या शास्त्रात, एम.एस्सी. करून तुम्ही बेळगावात हृदयरोग्यांना व्यायाम देताय, आणि आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंदणीसाठी फिजिओथेरपीच्या रकान्यात अर्ज भरू का असं विचारलंय. भरू नका. मीही याच विषयातला, मी भरला होता.

खिडकीवरूनच सल्ला मिळाला, 'काम तसंच आहे की, टाका त्यात.' आठ महिने फाईल हलली नाही. चौकशीला जावं तर हे साहेब रजेवर, ते साहेब बेंगळुरूला. शेवटी शेरा आला: पात्रता नाही, दुसऱ्या व्यवसायाचं नाव लावण्याचा प्रयत्न. एका इस्पितळात ठरलेलं काम त्या शेऱ्यापायी गेलं. सल्ला देणाऱ्यांनी नंतर ओळखसुद्धा दाखवली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

मी वकील नाही, नियमही बदलतात, अर्जाआधी स्वतः खात्री करा. पण आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या (नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट) परिशिष्टात व्यवसायांचे १० गट आहेत. फिजिओथेरपीला स्वतःचा गट आहे, आपलं नाव परिशिष्टात नाही. परिशिष्टात बदल करायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. म्हणून माझं मत ठाम आहे: परिशिष्टात घेण्याची मागणी आपल्याच नावाने करायची, आणि चारजणांनी मिळून. ऑस्ट्रेलियात २००६ पासून मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना आपल्या लोकांच्या सेवेचे पैसे देतं, तेही एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट म्हणूनच.

या मागणीच्या अर्जात 'रुग्णांना व्यायाम शिकवतो' असं मोघम लिहू नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, चालू असलेल्या रुग्णाची नाडी श्रमाच्या मानाने चढत नाही. ठरलेला ठोका गाठायला त्याला पळवलं तर हृदयावर नको तेवढा ताण येतो. म्हणून आपण ६ ते २० च्या बोर्ग मापावर किती श्रम वाटतात ते विचारून ट्रेडमिलचा वेग ठरवतो. हे लिहा. जिमच्या ट्रेनरपेक्षा आपण वेगळे कसे, ते यातून कळतं.

पदवीच्या तासांचा दाखला आजच मागा. कायद्यात हेल्थकेअर प्रोफेशनलच्या पदवीला किमान ३,६०० तास धरलेत. वर्ग, प्रयोगशाळा, रुग्णांसोबतचं काम, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. पदवी कोल्हापूरकडची असेल तर खेपा वाढतात.

सोबत कन्नडमधलं पत्र जोडाच. सीमाप्रश्नावर माझं मत काय ते इथे सगळ्यांना माहीत आहे, पण टेबलावरच्या माणसाला वाचता आलं नाही तर फाईल तळाला जाते. टाइप करून देणारे आपल्या विषयाला हमखास 'जिम' लिहितात, तेवढं सही करण्याआधी तपासा.