स्वॉर्मचा पहिला मॅनेजर नोड उभा करताना कोणता पत्ता द्यावा आणि मॅनेजर किती ठेवावेत?

आपल्याकडे उबंटू (लिनक्स) असलेली तीन मशीन आहेत आणि त्यांचा डॉकर स्वॉर्म, म्हणजे कंटेनर (सॉफ्टवेअर चालवणाऱ्या स्वतंत्र पेट्या) मिळून चालवणारा मशीनचा गट, करायचा आहे. गटातले प्रत्येक मशीन म्हणजे नोड; कारभार पाहणारे ते मॅनेजर आणि केवळ कंटेनर चालवणारे ते वर्कर. पहिल्या मशीनवर ‘डॉकर स्वॉर्म इनिट’ ही कमांड दिली की मशीनला एकाहून अधिक पत्ते असल्याने कोणता जाहीर करावा हे ठरवता येत नाही असे सांगून ती थांबते. आणि तिसरे मशीन संथ असल्याने दोनच मॅनेजर ठेवावेत का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची संगणकव्यवस्था पाहतो. तेथे ऑर्डरी, मागांवरचे रोजचे उत्पादन आणि गोदामातील गाठी यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तीन मशीनच्या स्वॉर्मवर चालते, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

कमांड अडली हे एका अर्थी बरेच झाले. मशीनला एकच पत्ता असता तर तिने तो न विचारता घेतला असता आणि तो कायमचा आहे की राउटरने तात्पुरता दिलेला आहे, हा विचार आपण केला नसता. स्वॉर्म सुरू करण्याचे काम काही सेकंदांचे आहे, पण मॅनेजरचा जो पत्ता त्या वेळी जाहीर होतो, त्याच पत्त्यावर बाकीचे नोड पुढे त्याला शोधत राहतात. म्हणून मशीनला दोन नेटवर्क कार्ड असतील, एक इंटरनेटच्या राउटरकडे आणि दुसरे आतल्या स्विचकडे जाणारे, तर आतल्या बाजूचा पत्ता निवडावा, तो आधी नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क-मांडणीत) स्थिर करावा आणि मगच ‘डॉकर स्वॉर्म इनिट --ॲडव्हर्टाइज-ॲड्र १९२.१६८.१०.११’ अशा स्वरूपात (अक्षरे व अंक अर्थातच इंग्रजी, पत्ता आपला) कमांड द्यावी.

ही काळजी मी स्वतः घेतली नव्हती. गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद असताना मी घाईने सगळी जोडणी केली आणि पत्ता राउटरवर सोडला. पुढे एप्रिलमधल्या एका दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरली, आणि वीज परत आल्यावर राउटरने मॅनेजरला दुसराच पत्ता दिला. दोन्ही वर्कर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहिले आणि मॅनेजरवरील नोडांच्या यादीत ते ‘डाउन’ दिसू लागले. मी नव्या पत्त्यासह ‘--फोर्स-न्यू-क्लस्टर’ (त्याच एका मॅनेजरवरून स्वॉर्म नव्याने सुरू करणारा पर्याय) वापरून स्वॉर्म पुन्हा उभा केला. सर्व्हिसांच्या (स्वॉर्मला चालवत ठेवायला सांगितलेल्या कामांच्या) नोंदी वाचल्या, पण प्रत्येक वर्कर बाहेर काढून नव्याने जोडावा लागला. आज तसे घडले तर मी आधी जुना पत्ताच त्या मशीनला परत देऊन पाहीन. वर्करचा पत्ता बदलला तर चालतो, मॅनेजरचा नाही.

सुरुवातीलाच ठरवावी लागणारी दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. स्वॉर्म आपल्या ओव्हरले नेटवर्कांसाठी (वेगवेगळ्या मशीनवरचे कंटेनर जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कांसाठी) १०.०.०.०/८ या पत्त्यांच्या साठ्यातून /२४ आकाराचे, म्हणजे २५६ पत्त्यांचे, तुकडे कापून घेतो. आपल्या कार्यालयाचे किंवा मुख्य शाखेकडे जाणाऱ्या व्हीपीएनचे पत्ते दहापासूनच सुरू होत असतील, तर एखादा कंटेनर आतल्या प्रिंटरपर्यंत किंवा डेटाबेसपर्यंत का पोहोचत नाही, हे शोधण्यात आठवडा जाऊ शकतो. ‘--डीफॉल्ट-ॲड्र-पूल’ देऊन वेगळा साठा नेमता येतो, पण तो केवळ इनिटच्या वेळीच. नंतर बदलायचा तर स्वॉर्म मोडावा लागतो.

फायरवॉलमध्ये मॅनेजरवर २३७७ हा टीसीपी पोर्ट, आणि सर्व मशीनवर परस्परांसाठी ७९४६ टीसीपी व यूडीपी आणि ४७८९ यूडीपी उघडे हवेत. येथे फसगत अशी होते की केवळ २३७७ उघडा असला तरी वर्कर जोडला जातो, ‘रेडी’ही दिसतो, आणि आपण निश्चिंत होतो, मग एका मशीनवरच्या कंटेनरला दुसऱ्यावरचा कंटेनर सापडत नाही. ४७८९ मात्र इंटरनेटच्या बाजूला कधीही उघडू नये, कारण त्यावरून जाणारी कंटेनरांची माहिती आपण वेगळे सांगितल्याशिवाय कूटबद्ध नसते. मशीन जुनी असतील तर घड्याळेही पाहून घ्यावीत. मदरबोर्डवरचा सेल संपलेले मशीन काही वर्षे मागची तारीख दाखवते, आणि मग नोडची ओळख पटवणारे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही अशा कारणाने जोडणी नाकारली जाते.

इनिट यशस्वी झाल्यावर पडद्यावर वर्करसाठीची जोडणीची कमांड टोकनासह (परवलीच्या खुणेसह) येते. ती जपून ठेवण्याची गरज नाही, ‘डॉकर स्वॉर्म जॉइन-टोकन वर्कर’ म्हटले की ती पुन्हा मिळते. मॅनेजरचे टोकन वेगळे असते आणि ते व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. चुकून गेलेच तर ‘--रोटेट’ने बदलावे, त्यामुळे आधीच जोडलेल्या नोडांना धक्का लागत नाही.

आता दोन मॅनेजरांविषयी. मॅनेजर आपसांत राफ्ट पद्धतीने बहुमताने निर्णय घेतात. दोघांचे बहुमत म्हणजे दोघेही, त्यामुळे एक बंद पडला की दुसराही हतबल होतो. म्हणजे बिघडू शकणारी मशीन दोन झाली आणि सोसण्याची ताकद तेवढीच राहिली. चालू असलेले कंटेनर त्याही स्थितीत चालत राहतात, पण नवी सर्व्हिस किंवा कोणताही बदल करता येत नाही. तीन मॅनेजरांत एक गेला तरी काम चालते. आपले तिसरे मशीन संथ असले तरी त्याची डिस्क धड असेल, तर मी त्यालाही मॅनेजर करीन आणि ‘ड्रेन’ अवस्थेत ठेवीन, जेणेकरून त्याच्यावर कंटेनरांचा भार येणार नाही. डिस्कच कुरकुरत असेल तर मात्र एकच मॅनेजर ठेवावा आणि त्याची प्रत घ्यावी: रात्री डॉकर थांबवून /व्हार/लिब/डॉकर याखालची ‘स्वॉर्म’ ही डिरेक्टरी दुसऱ्या मशीनवर उतरवावी आणि डॉकर पुन्हा सुरू करावे. ‘ऑटोलॉक’ (मॅनेजरची माहिती किल्लीने बंद ठेवणारी सोय) चालू केले असेल तर त्याची किल्ली त्या प्रतीपासून वेगळी, पण हाताशी ठेवावी. आमच्याकडे मी ते चालू केलेले नाही, कारण डॉकर पुन्हा सुरू झाले की प्रत्येक वेळी ती किल्ली हाताने द्यावी लागते, आणि रात्रपाळीत वीज जाऊन आल्यावर ती देणारे कारखान्यात कोणी नसते.