हजार वर्षं आणि तुझा एक दिवस

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं. पप्पांच्या मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी बायबलमधलं नव्वदावं स्तोत्र वाचलं, आणि देवाच्या दृष्टीने हजार वर्षं कालच्या सरलेल्या दिवसासारखी आहेत हे शब्द आले तेव्हा तुझ्या पोटात खड्डा पडला, असं तू लिहितेस. ज्याला हजार वर्षांचं काही वाटत नाही, त्याला पप्पांचे दवाखान्यातले दोन महिने कुठे दिसले असणार? आपण रात्र रात्र जागून प्रार्थना केली, ती त्याच्या कुठल्या खिजगणतीत? देव सनातन आहे हे तू नाकारत नाहीस. पण इतक्या मोठ्या देवावर इतक्या छोट्या आयुष्याने भरवसा कसा टाकायचा, हे तुला उमगत नाही.

असा प्रश्न पडला म्हणजे विश्वास ढळला, असं मंडळीत कुणी म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नकोस. हा प्रश्न त्या स्तोत्रातच आहे. आपल्याकडे मातीच्या वेळी बहुतेकदा बाराव्या वचनापाशी थांबतात. आमचे दिवस गणायला शिकव, इथे. तेराव्या वचनात तोच भक्त देवाला विचारतो, परमेश्वरा, कुठवर? परत ये. नऊ वचनांपूर्वी हजार वर्षं म्हणजे रात्रीचा एक प्रहर असं म्हणणारा माणूस त्याच देवाला सरळ विचारतो की अजून किती वेळ. पुढे तर तो चक्क हिशेब मांडतो: जितके दिवस आम्ही पीडा सोसली, जितकी वर्षं वाईट पाहिलं, तितके दिवस आम्हाला आनंद दे. सनातन देवाशी बोलताना त्याला आपले दिवस मोजून दाखवायची लाज वाटत नाही. तूही मोज. दोन महिने म्हण, तारखा सांग.

हे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे, इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या. अरण्यात चाळीस वर्षं, राहायला तंबू, आणि मिसरातून निघालेली जवळजवळ सगळी पिढी त्याच्या डोळ्यांदेखत वाळूत पुरली गेली. देवाने देऊ केलेला वचनदत्त देश त्याने नबो डोंगरावरून पाहिला, आत पाऊल टाकायला मिळालं नाही. त्या माणसाच्या तोंडी पहिलं वाक्य आहे, ‘हे प्रभू, तू पिढ्यानपिढ्या आम्हांला निवासस्थान आहेस.’ सुखवस्तू घरात बसून हे लिहिलेलं नाही. म्हणून मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता हजार वर्षांचं. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या दुसऱ्या पत्रात हेच वचन घेतलं, पण तो आधी दुसरी बाजू सांगतो, आणि ती आपण सहसा सोडून देतो. प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे, हे त्याने आधी लिहिलं. हजार वर्षं एका दिवसासारखी, हे नंतर. बाळ, इथे जरा थांब. पप्पांचा दवाखान्यातला एक दिवस, सलाईन बदलताना त्यांनी तुझा हात घट्ट धरला तो एक क्षण, देवाकडे हजार वर्षांच्या ऐसपैसपणाने पाहिला जातो. घाईत काही निसटत नाही. आपला देव म्हणजे खूप लांब आयुष्य लाभलेला आणि त्यामुळे छोट्या गोष्टींकडे दुर्लक्ष करणारा कुणी वडीलधारा, असं चित्र आपल्या मनात नकळत बसलेलं असतं. ते काढून टाक. काळसुद्धा त्यानेच निर्माण केला. पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने यावर पानंच्या पानं विचार केला आहे. आपला कालचा दिवस आपल्या हातून जातो. त्याच्या हातून जात नाही. तुझ्या दृष्टीने ते दोन महिने सरले, आता फक्त आठवणीत राहिले, त्याही पुसट होतील याची तुला भीती आहे. देवाला ते आठवावे लागत नाहीत. ते त्याच्यासमोर आहेत.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर हे कोरडं तत्त्वज्ञान झालं असतं. आपला विश्वास याच्या पुढे जातो. दर रविवारी मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना आपण पंतय पिलाताचं नाव घेतो. येशूला क्रूसावर द्यायचा हुकूम करणाऱ्या रोमी सुभेदाराचं नाव उपासनेत कशाला, असं लहानपणी मला वाटायचं. त्याचा यहूदियातला कारभार साधारण इसवी सन २६ ते ३६ चा. त्या नावाने आपण कबूल करतो की जो अनादी आहे तो एका ठरावीक दशकात, एका ठरावीक गावाच्या वेशीबाहेर, तासा-तासाने मेला. देवाने काळ बाहेरून पाहिला एवढंच नाही, आतून भोगला. लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला काय म्हणाली ते योहानाच्या अकराव्या अध्यायात वाच. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं ती तोंडावर म्हणाली. उशीर झाला, ही तिची तक्रार. आपण आता काय करणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, आणि तरी तो कबरेकडे जाताना रडला. शेवट माहीत असलेला देव मधल्या रडण्याला क्षुल्लक समजत नाही. माझा सगळा भरवसा या प्रसंगावर उभा आहे, असं म्हटलंस तरी चालेल.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य तुला शाळेत समाजसुधारक म्हणून शिकवलं असेल. एकदा तारखा शेजारी ठेवून बघ. जन्म १८५८. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती. चोविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत मांडीवर एक मुलगी आणि मागे कुणी नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर दुःख संपलं असं नाही; तीच मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. केडगावच्या मुक्तिसदनात त्या शेवटपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. लेक पुरल्यावरही काम थांबलं नाही, याचं मला फार वाटतं. देव टिकून आहे असं वाटलं नसतं तर त्या वयात, त्या शरीराने कुणी ते केलं नसतं.

नव्वदाव्या स्तोत्राचं शेवटचं मागणं हेच आहे: आमच्या हातचं काम सिद्धीस ने. ते आपल्याच हयातीत सिद्धीस जाईल असं मात्र त्यात कुठेही नाही. रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य १९१९ मध्ये त्यांच्याबरोबर अर्धवटच राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून जिने एके काळी आकांत केला होता, तिनेच. पप्पांचं काय काय अर्धं राहिलं याची यादी तू पत्रात दिली आहेस, धाकट्याचं शिक्षण, घराचा वरचा मजला. ती यादी प्रार्थनेत घे. सगळं तुझ्याच डोक्यावर आहे असं समजू नकोस.

एक सावधगिरी. एकवीस दिवस उपास करा, अमुक तारखेला उत्तर मिळेल, असं सांगणारे तुला पुण्यात भेटतील, फोनवर तर रोजच. त्यांच्या नादी लागू नकोस. देवाला तारखेत बांधणं हा भरवसा नव्हे, आणि ती तारीख टळली की दोष तुझ्या विश्वासाला दिला जातो. तुला प्रार्थना सुचत नसेल तर न सुचो. सकाळी बसला निघण्याआधी ते स्तोत्र मोठ्याने म्हण, मन लागो न लागो. तुझं मन बदलतं, परवा तुला देव जवळ वाटत होता आणि आज वाटत नाही. हे लिहिताना तू फार घाबरली होतीस. पण तो आहे की नाही हे तुझ्या मनाच्या आजच्या हवेवर ठरत नाही. इब्री लोकांस पत्रात येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे असं लिहिलंय. तू सारखीच राहायला हवीस, असं तिथे कुठे लिहिलंय?

आईला सांग, वर्षाच्या स्मरण उपासनेचं मी पाळकसाहेबांशी बोलतो. नव्वदावं स्तोत्रच ठेवू, पण या वेळी सतराव्या वचनापर्यंत पुरं वाचायचं. वाचन तू कर. तेराव्या वचनाला आवाज दाटला तर थांब, पाणी पी, मग पुढे वाच. आम्ही सगळे बसून आहोत.

तुझा,
काका