साठ पाहुणे, एक तंदूर

प्रश्न: माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला जानेवारीत ५० वर्षं होतायत. आम्ही ऐरोलीला, मोठे दीर-जाऊबाई नौपाड्यात. कर्नाळ्याच्या पुढे बागेतलं एक हॉटेल पाहिलंय. शनिवारी संध्याकाळी ६० माणसं, लॉनवर कराओके, साडेनऊला बुफे, असं ठरतंय. तिथे जाऊन आलेले काही जण जेवणाचं तोंडभरून कौतुक करतात. काही म्हणतात, स्टार्टर तासभर आले नाहीत, रोट्या गार होत्या. कुणावर विश्वास ठेवायचा? ॲडव्हान्स देऊ का?
– एक सून, ऐरोली

उत्तर: दोघांवरही ठेवा. असे अनुभव ऐकताना पहिला प्रश्न विचारायचा, ‘तुम्ही किती जण होतात?’ कौतुक करणारे बहुधा चौघं-पाचजण असतात, आडवारी दुपारी गेलेले. आचाऱ्याला हात मोकळा, मालक स्वतः येऊन ‘अजून एक भाकरी?’ विचारतो. तक्रार करणारा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेला असतो. आचारी तोच, तंदूरही तोच एक. ६० जणांच्या रोट्या त्यातून एकदम निघतच नाहीत, मग आधी भाजून डब्यात रचून ठेवतात आणि त्यांचं चामडं होतं. ठाण्यात बरीच वर्षं केटरिंग केलंय मी, हे डबे चांगले ओळखते.

म्हणून ॲडव्हान्सच्या आधी तुम्ही दोघी जावा तिथे जेवायला जा, तेही आडवारी नाही, तर दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम असेल त्या दिवशी. जेवण झाल्यावर स्वयंपाकघर दाखवा म्हणा. काचकूच करायला लागले तर समजून घ्या. तांदळाच्या भाकऱ्या हव्या असतील तर थापणाऱ्या बायका किती, तेही विचारा. कमी असतील तर सरळ वडे सांगा, ते कढईतून भराभर निघतात. पदार्थ मोजकेच ठेवा. पनीरचे तीन प्रकार आणि चायनीज काउंटर ऐरोलीतही मिळतं.

आता माझं खरं म्हणणं: संध्याकाळ सोडा, दुपार घ्या. मोकळ्या लॉनवर रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, हॉटेलवाल्याच्या ‘चालतं हो’वर जाऊ नका. म्हणजे साडेनऊला बुफे उघडला की गाणी संपतात. त्यात मधुमेह असलेली एखादी आत्या आठपासून घड्याळ बघत बसलेली असते. आसपासच्या गावातून येणारी वाढपी पोरं रात्री घरी जायच्या घाईत असतात. नंतर पळस्पे, कळंबोली करत अवजड गाड्यांमधून मध्यरात्री ठाणं गाठायचं. त्यापेक्षा अकराला जमा, एकला ज्येष्ठांना टेबलावर बसवून वाढा, बाकीच्यांनी बुफे घ्यावा. सासू-सासऱ्यांना ताट हातात धरून रांगेत उभं करू नका, एवढं माझं ऐका.

शिवाय जानेवारी म्हणजे रायगडात पोपटीचे दिवस. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. शाकाहारींचं मडकं वेगळं लावायला सांगा. जाणते म्हणतील पोपटी रात्रीचीच, थंडीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण चारला लावलीत तर पाचला खाऊन उजेडात निघाल, आणि मुलांना मडकं उघडताना बघता येईल. कराओकेपेक्षा ते बरं.

पैशांचं लेखी घ्या. किती प्लेटची गॅरंटी, हे आधी. ५० ची द्या, वरच्या दहांचा दर ठरवून ठेवा. ६० म्हणून आलेली माणसं ६० कधीच नसतात. जीएसटी ५ टक्के की १८, तेही विचारा. हॉटेलातल्या एखाद्या खोलीचं दिवसाचं भाडं आदल्या आर्थिक वर्षात ७,५०० रुपयांच्या वर गेलं असेल, तर जेवणावरही १८ टक्के लागतो. हजार रुपयांच्या ६० ताटांवर हा फरक ७,८०० रुपयांचा आहे. ‘सर्व्हिस चार्ज’ बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. वाढप्यांना काय द्यायचं ते हातात द्या.

बाहेरचा केक चालत नाही म्हणाले तर त्यावरून वाद घालू नका. त्यांच्या केकचा भाव विचारा. नाही पटला, तर आदल्या रात्री ऐरोलीत घरीच कापा.