फौजीच्या बायकोचे प्रश्न: पेन्शनवर आल्यानंतरचं आजारपण

या वेळी आलेली पत्रं सगळी बायकांचीच आहेत, आणि जवळपास प्रत्येकीनं सुरुवातीला लिहिलंय की "प्रश्न छोटाच आहे". मी कौन्सेलर म्हणून माजी सैनिकांच्या कुटुंबांसोबत बरीच वर्षं काम करतेय, माझे मिस्टरही सुभेदार म्हणून रिटायर झालेत आणि शुगर घेऊनच घरी आलेत, त्यामुळे सांगते, यातला एकही प्रश्न छोटा नाहीये. पत्रं थोडी आटोपशीर केलीत, नावं काढलीत.

माझे मिस्टर हवालदार होते. सियाचीनला असताना दोन्ही पायांच्या बोटांना फ्रॉस्टबाइट झाला, एक बोट अर्धं काढावं लागलं. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. थंडी आली की पाय बधिर होतात, रात्री ठणकतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. मागच्या डिसेंबरात शेगडीजवळ पाय घेऊन बसले, भाजलं तरी कळलं नाही. मी सॉक्स काढायला गेले तर कातडी सॉक्सबरोबर आली. विचारलं तर म्हणाले, काही नाही झालं. आता मला हिवाळ्याचीच भीती वाटते. (खटाव तालुका)

ताई, तो सॉक्स काढतानाचा क्षण वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळानं परत घेतलं.

आधी हे समजून घ्या की फ्रॉस्टबाइटची जखम भरली म्हणजे दुखणं संपलं असं नसतं. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून आपली पोरं तिथं बसलीयत, १८-२० हजार फुटांवर, उणे ४०-५० पर्यंत पारा जातो. त्या थंडीत बोटांमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या खराब होतात. त्यामुळे पुढं आयुष्यभर त्या जागेला थंडी जास्त लागते, मुंग्या येतात, घाम जास्त येतो, काहींना नंतर बोटांचे सांधे धरतात. आणि सगळ्यात धोक्याचं तेच जे तुमच्याकडं घडलं, पाय गार पडला म्हणून माणूस ऊब शोधतो आणि चटका बसलेला त्याला कळत नाही.

म्हणून शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी, विटेनं शेकणं, सगळं बंद. ऊब द्यायची ती लोकरीच्या सैल सॉक्सनं, रात्री झोपताना पायावर जाड पांघरूण. आंघोळीचं पाणी त्यांनी पायानं तपासायचं नाही, तुम्ही तुमच्या कोपरानं बघायचं. रोज आंघोळीनंतर पाय पुसताना बोटांच्या बेचक्यात बघायचं, चीर, फोड, काळसर डाग, काहीही दिसलं की दोन दिवस वाट न बघता ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकला न्यायचं. शेतात अनवाणी अजिबात नाही. तंबाखू किंवा बिडी असेल तर ती रक्तवाहिन्या अजून आवळते, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमच्या तोंडून नको, घरात नुसती भांडणं होतील. आणि शुगर तपासली नसेल तर तपासून घ्या, कारण आधीच बधिर असलेल्या पायाला शुगरची जोड मिळाली तर प्रकरण हाताबाहेर जातं.

आता ते "काही नाही झालं" बद्दल. युनिटमध्ये सारखं सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून दाखवायला जाणाऱ्याकडं कसं बघतात ते तुम्हाला माहितीये. वीस-बावीस वर्षं ज्यानं दुखणं लपवून परेड केली तो घरी येऊन एकदम बोलायला लागेल असं होत नाही. "दुखतंय का" विचारलं की उत्तर "नाही"च येणार. त्याऐवजी "आज कुठल्या बोटाला जास्त मुंग्या आल्या, उजव्या की डाव्या" असं विचारून बघा, रिपोर्ट मागितल्यासारखं. रिपोर्ट द्यायची सवय त्यांना आहे. आणि ते जे सांगतील ते एका वहीत तारीख घालून लिहा. या वहीबद्दल मी पुढं परत बोलणार आहे.

मिस्टर २०१६ ला लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आलेला असताना, रिटायर झाले, बीपी आणि शुगर दोन्ही नोकरीतच लागलं. मेडिकल बोर्डानं ३० टक्के अपंगत्व लिहिलं पण आजाराचा सर्व्हिसशी संबंध नाही, ना सर्व्हिसमुळे झाला ना वाढला असा शेरा मारला, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन मिळालं नाही. आता एक जण म्हणतोय केस करून देतो, मिळेल त्यातले ४० टक्के माझे. करावं का? (कागल)

टक्केवारीवाल्याला आधी घरी पाठवा. कागदांवर कुठंही सही करू नका, बँकेचं पासबुक आणि मूळ पीपीओ (पेन्शनची ऑर्डर) त्याच्या हातात देऊ नका.

त्या शेऱ्याला आव्हान देता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि नंतर नोकरीत आजार निघाला, तर तो नोकरीमुळे झाला असं धरून चालायचं, नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहायला पाहिजे, आणि शंकेचा फायदा जवानाला. पुढं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार केसमध्ये राउंडिंगचा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला, म्हणजे पेन्शन मंजूर झालं तर तुमचे ३० टक्के ५० धरले जातात.

पण बीपी-शुगरच्या केस सरसकट जिंकल्या जात नाहीत, प्रत्येकाचे कागद बघून निकाल लागतो, हे मनात धरूनच उतरा. सगळ्यात महत्त्वाचं काय, तर बीपी पहिल्यांदा सापडलं तेव्हा पोस्टिंग कुठं होतं. फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा दहशतवादविरोधी भागात असताना आजार निघाला असेल तर लष्कराच्या स्वतःच्या मेडिकल गाइडप्रमाणेच तो सर्व्हिसमुळे वाढला असं मानता येतं. मिस्टरांजवळ बसा, चहा ठेवा, आणि सालवार पोस्टिंग लिहून काढा, कुठल्या साली कुठल्या एमआय रूमला (लष्करी दवाखान्यात) दाखवलं, कधी कॅटेगरी डाउन झाली. मग रेकॉर्ड ऑफिसकडून रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत म्हणजे एएफएमएसएफ-१६ मागवा, देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाचा मसुदा करायला मदत मिळते. अपिलाची मुदत सहा महिन्यांची असते, ती तुमची उलटून गेलीये, तरी पेन्शनच्या बाबतीत उशीर माफ होऊ शकतो. तिथं नाही झालं तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैन्यदलाच्या केस चालवणारं न्यायाधिकरण आहे. फक्त थकबाकी साधारण केस घातल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून अजून एक दिवाळी जाऊ देऊ नका.

(ज्यांचे मिस्टर २१ सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेत त्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी वरचं जसंच्या तसं धरू नये.)

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. हे तोफखान्यात होते, नंतर तीन वर्षं कुपवाडा. कानात सतत आवाज येतो म्हणतात, ऐकू कमी येतं. रात्री झोपेत ओरडतात, एकदा मी उठवायला गेले तर माझा हात इतका पिरगळला की आठ दिवस सूज होती. स्वतःच रडले नंतर. तेव्हापासून मी मुलीबरोबर दुसऱ्या खोलीत झोपते. सासूबाई म्हणतात बायकोनं नवऱ्याला असं सोडू नये. मलाही अपराधी वाटतं. (पिंपरी)

अगं, वेगळ्या खोलीत झोपणं म्हणजे सोडणं नव्हे. हे सासूबाईंना तुझ्या मिस्टरांनीच सांगायला पाहिजे, आणि ते सांगतील, कारण हात पिरगळल्याचं दुःख तुझ्यापेक्षा त्यांना जास्त असणार.

झोपेतून उठवायचं तर हात कधीच लावायचा नाही. दारात उभं राहायचं, लाइट लावायचा, आणि त्यांना घरी ज्या नावानं हाक मारतात त्या नावानं हाक मारायची, "आपण पिंपरीत आहोत, घरात आहोत" असं म्हणायचं. ऐकू कमी येतं म्हणून लाइट जास्त महत्त्वाचा. पूर्ण जागे होऊन तुझ्याकडं बघेपर्यंत जवळ जायचं नाही. आणि हे नियम दिवसा, दोघं शांत असताना, त्यांच्याशी बोलून ठरव.

कानाचं म्हणशील तर तोफांच्या आवाजानं आतल्या बारीक पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून पुरुषांचं बोलणं कळतं पण बायकोचं आणि लेकीचं कळत नाही, आणि घरात वाटतं की हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. कितीतरी घरांत याच्यावरून वर्षानुवर्षं अबोला बघितलाय मी. लेकीला शिकव, बाबांच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलायचं, किचनमधून ओरडायचं नाही. कानातला तो रातकिड्यांसारखा आवाज रात्री शांततेत जास्त जाणवतो, तेव्हा पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवला तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. ईएनटीला दाखवून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, हिअरिंग एड ईसीएचएसमधून मंजुरीनं मिळतं.

रात्रीच्या ओरडण्याला मात्र नुसत्या प्रेमानं उपाय होत नाही. हा आजार आहे, याला उपचार आहेत, थेरपी आहे, गोळ्या आहेत. पॉलिक्लिनिकमधून सायकियाट्रीचं रेफरल घ्या. हे लगेच तयार होणार नाहीत कदाचित, तोवर तू स्वतः १४४१६ ला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलासाठी पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याच्या मेडिकल कॉलेजात) वेगळा सेल सुरू झाला. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, झोपेत हात पिरगळला जाणं वेगळं आणि जागेपणी हात उचलणं वेगळं. दुसरं घडलं तर आजाराच्या नावाखाली सहन करायचं नाही, मुलीला घेऊन बाहेर पडायचं आणि १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला फोन करायचा.

विचारायला लाज वाटते. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आमच्यात नवरा-बायकोचं नातं जवळजवळ बंद आहे. त्यांनी चिडून दोनदा गोळ्याच सोडल्या. (गाव लिहू नये)

लाज वाटू देऊ नका, हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा येतो, तोही बहुतेक वेळा उठून जाताना दारात विचारला जातो. बीपीच्या काही गोळ्यांनी असं होतं, शुगरनंही होतं, आणि मनात "मी आता कामाचा राहिलो नाही" बसलं की त्यानंही होतं. गोळ्या स्वतःहून बंद करणं हे पॅरालिसिसला आमंत्रण आहे. डॉक्टरांना एवढंच सांगायचं की "गोळी सुरू झाल्यापासून त्रास होतोय, बदलून मिळेल का". अनेकदा बदलून मिळते. त्यांना बोलायला जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पेपरांच्या वर ठेवा, डॉक्टर वाचतात. आणि तोपर्यंत जवळ बसणं, डोक्याला तेल लावून देणं, संध्याकाळी बरोबर चालायला जाणं हे थांबवू नका.

डिस्चार्ज बुकात माझं माहेरचं नाव आहे, आधारवर लग्नातलं, आणि जन्मतारीखही वेगळी. ह्यांना हार्टचा त्रास आहे. काही अडचण येईल का? (सावंतवाडी)

येईल, आणि ती तुम्ही एकट्या असताना येईल. म्हणून ते आहेत तोवरच, त्यांच्या सहीनं अर्ज करा. लग्नाचा दाखला, आधार, पॅन, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं अॅफिडेव्हिट, हे घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, आणि नंतर पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर फॅमिली डिटेल्समध्ये खरंच बदललंय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. जॉइंट खातं नसेल तर तेही.

हार्टचं आहे म्हणून अजून एक. रात्री-अपरात्री जवळच्या, ईसीएचएसच्या यादीत नसलेल्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर बिनधास्त न्या, जीव आधी. पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिल मिळताना फार त्रास होतो. तो नंबर फ्रीजवर चिकटवा, मोबाइलमध्ये नुसता ठेवू नका, त्या वेळी हात थरथरतात.

माझं वय ५८. पंधरा वर्षं ह्यांचं सगळं मीच बघते, इन्सुलिन, पथ्य, डायलिसिसची वारी. माझे गुडघे गेलेत, मध्ये दोनदा चक्कर आली. कोणाला सांगितलं नाही, त्यांना टेन्शन नको. मी चुकते का? (मिरज)

ताई, तुम्हीही तेच म्हणताय बघा, "काही नाही झालं".

वहीबद्दल परत बोलते म्हणाले होते. माझ्याकडं साधी शंभर पानी वही आहे, डाव्या पानावर मिस्टरांची शुगर, गोळ्या, पाय, झोप. एकदा पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांनी ती चाळली आणि पहाटे शुगर खाली जातेय हे त्यातनंच त्यांच्या लक्षात आलं, डोस बदलला. कुठल्याही रिपोर्टमध्ये ते नव्हतं, कारण पहाटे चारला घामेजलेला माणूस फक्त मी बघत होते. पण उजवं पान कित्येक वर्षं कोरं होतं. माझी स्वतःची बीपी १७० निघाली तेव्हा मी ते भरायला सुरुवात केली.

चक्कर दोनदा आलीये म्हणजे बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं तरी याच आठवड्यात व्हायला पाहिजे. तुमचंही ईसीएचएस कार्ड आहे, ते मिस्टरांच्या फाइलमध्ये मागं कुठंतरी पडलेलं असेल, ते शोधा आणि चालू आहे का बघा. त्यांना सांगा, आजच, जेवताना. आजारी माणसाला आपल्यासाठी कोणी झिजतंय हे कळत असतं, फक्त विचारायची सोय नसते, आणि पंधरा वर्षांत त्यांनाही तुमच्यासाठी काही करायची संधी मिळालेली नाही. आठवड्यातली एक डायलिसिसची फेरी मुलगा किंवा पुतण्यावर सोपवा.

पुढच्या वेळी पॉलिक्लिनिकला जाल तेव्हा काउंटरवर दोन नावं सांगा.