सोळाशे कमी पडले, सतराशे सत्तर गेले

सांगलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: "माझा पगार ५ तारखेला होतो. घरकर्जाचा १८,४०० रुपयांचा हप्ता आणि म्युच्युअल फंडात दरमहा जाणाऱ्या अडीच-अडीच हजारांच्या दोन एसआयपी, सगळं त्याच दिवशी कापलं जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ तारीख रविवारी आली, म्हणून पगार सोमवारी संध्याकाळी झाला आणि हप्ता दोनदा परत गेला. मंगळवारी मी तो यूपीआयने भरला. आता मॅन्डेटच (खात्यातून आपोआप कापून घेण्याची बँकेला दिलेली परवानगी) रद्द करून दर महिन्याला हाताने भरू, की दोन लाखांची एफडी मोडून पैसे बचत खात्यात ठेवू?"

दोन्ही नको. आधी तुमचं स्टेटमेंट पाहू, कारण खरी गोष्ट त्यात आहे.

रविवारी सकाळी खात्यात २१,८०० रुपये होते, म्हणजे हप्त्यापुरते होते. पण आधी दोन्ही एसआयपी गेल्या आणि उरले १६,८००. मग हप्ता आला आणि १,६०० कमी पडले म्हणून सगळाच परत गेला. अशा व्यवहारात 'असतील तेवढे घ्या, बाकी उद्या' असं नसतं. कर्ज देणाऱ्या कंपनीने सोमवारी सकाळी पुन्हा मागणी लावली, तीही परत. बँकेने प्रत्येक वेळी ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० घेतले. कंपनीने स्वतःचे बाउन्स चार्जेस ५९० लावले. एकूण १,७७०. तुटीपेक्षा दंड मोठा!

'रविवारी बँक बंद, हप्ता सोमवारी जाईल' असा तुमचा हिशेब असेल, तर तो पूर्वी बरोबर ठरला असता. पण हप्ते आपोआप कापणारी यंत्रणा, म्हणजे नॅच, १ ऑगस्ट २०२१ पासून सातही दिवस चालते. आणि एकाच तारखेला तीन मॅन्डेट असतील तर कोणाचा नंबर आधी लागेल हे तुमच्या हातात नसतं. तुमच्याकडे पैसे कमी नव्हते, ते एकाच दारात एकाच वेळी अडकले.

आता मॅन्डेट रद्द करण्याबद्दल. बहुतेक कर्जकरारांत चालू मॅन्डेट ठेवण्याची अट असते, ती मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल. शिवाय वर्षातले बारा हप्ते आठवणीने भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही तो नाही: खातं बदलताना जुन्या खात्यात चारशे रुपये ठेवले आणि विम्याचा हप्ता तिकडूनच जातो हे विसरलो. तो परत गेल्यावर कळलं. हाताने भरण्यात आणखी एक घोळ आहे. मागणीची फाइल बँकेकडे आधीच गेलेली असली तर पैसे दोनदा जातात आणि परत मिळवायला पाठपुरावा करावा लागतो.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. चेक न वटण्याला जसं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, तसं खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहाराला पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ मधलं कलम २५ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र त्याआधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तिथेच थांबतं. तुम्ही ७ तारखेलाच भरलेत, तेव्हा तुम्हाला कोर्टाची भीती नाही. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, मात्र पाहा. २०२५ पासून हप्ता चुकल्याची माहिती तिकडे किमान पंधरवड्याला एकदा जाते आणि वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

एफडीचं म्हणाल, तर दोन लाख बचत खात्यात टाकले की व्याजात साडेतीन टक्क्यांचा फरक धरला तरी वर्षाला ७,००० जातात. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. दीड हजाराची तूट भरायला एवढं कशाला?

हप्त्याची तारीख पुढे ढकलावी असंही वाटेल. तुमची मुद्दल २० लाखांच्या घरात आणि दर साडेआठ टक्के असेल, तर पाच दिवसांचं व्याज साधारण २,३०० होतं आणि ते तुम्हीच भरणार. एसआयपीची तारीख बदलायला काही पडत नाही. दोन्ही १२ तारखेला न्या. त्या एखाद्या महिन्यात परत गेल्या तरी फंड दंड लावत नाही, बँक लावते; फक्त सलग तीन महिने चुकल्या तर रद्द होतात.

आणि खात्यात एक जादा हप्ता कायम पडून राहू द्या, वीस हजारांचा. तो कुठून आणायचा? चार महिने दोन्ही एसआयपी थांबवा. 'एसआयपी कधी थांबवू नका' हा आमच्या धंद्याचा पाढा आहे, पण इथे मी तो मोडायला सांगतो. अर्ज करताना 'पॉज' निवडा, 'कॅन्सल' नाही, आणि आधी तुमच्या फंडात ती सोय आहे का ते विचारा.

त्या १,७७० रुपयांपैकी बँकेने घेतलेल्या १,१८० साठी तिला एक ईमेल लिहा: पहिलीच वेळ आहे, पगार एका दिवसाने उशिरा आला, दुसऱ्यांदा लावलेले ५९० तरी परत करा. शाखाधिकाऱ्याला ते करता येतं, आणि मागणाऱ्याला कित्येकदा मिळतंही. स्टेटमेंटची प्रत जोडा, त्यात दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसतात.