ठोशाची ताकद किलोत मोजता येते का?

तुम्ही विचारलंय : दोन वर्षं कराटे शिकतोय, गेम झोनमधल्या बॉक्सिंगच्या यंत्रावर माझे ८२० आले आणि मित्राचे ७६०. तर हे ८२० म्हणजे किती किलो, आणि घरी नीट मोजायचं असेल तर काय करू?

८२० म्हणजे किलोही नाही आणि न्यूटनही नाही. अशा यंत्रात लटकणारा गोळा मागे किती झपाट्याने उलटला, एवढंच बहुधा पाहिलं जातं आणि त्याचे गुण बनवणाऱ्याने ठरवलेल्या पट्टीवर दिले जातात. म्हणून तिथे खालून वर सपकन हात झाडणारा, पंच कशाशी खातात हे माहीत नसलेला माणूसही भल्याभल्यांना मागे टाकतो. मित्राला चिडवायला आकडा उत्तम आहे, तेवढा वापरा.

किलोच्या नादाला मीही लागलो होतो. वजनकाट्यातला लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा सेन्सर, काढला, त्याला एचएक्स७११ ही स्वस्त चिप जोडली, वर फोमची गादी बांधली आणि भिंतीवर ठोकून दिलं. पहिला पंच ९० किलो. दुसरा, अगदी तसाच, २१० किलो. तिसरा ६०. दोन संध्याकाळी मी स्वतःच्या तंत्राला दोष देत बसलो. चूक मोजण्यात होती. ती चिप सेकंदाला जास्तीत जास्त ८० वेळा वाचन घेते, म्हणजे दर साडेबारा मिलिसेकंदांनी एकदा. पंचाचा खरा दणका तेवढ्याच वेळात आटोपतो. शिखराच्या क्षणी वाचन झालं तर २१०, चुकलं तर ६०. नशिबाचा खेळ! सेकंदाला निदान हजार वाचनं घेणारं यंत्र नसेल, तर पंचाचं कमाल बल मोजायच्या भानगडीत पडू नये.

आता मुद्द्याचं. पंच ही एक संख्या नाही. क्षणाक्षणाच्या बलाचा आलेख काढला तर तो काही मिलिसेकंदांचा डोंगर आहे. डोंगराची उंची म्हणजे कमाल बल, न्यूटनमध्ये. डोंगराखालचं सगळं क्षेत्रफळ म्हणजे समोरच्या वस्तूला मिळालेला एकूण धक्का, ज्याला पदार्थविज्ञानात आवेग म्हणतात. ग्लव्ह जाड केला किंवा बॅग मऊ घेतली की डोंगर बुटका आणि पसरट होतो, क्षेत्रफळ मात्र फारसं बदलत नाही. म्हणजे कमाल बलाचा आकडा जितका तुमच्या मुठीचा, तितकाच समोरच्या गादीचा. ‘अमुक फायटरचा पंच इतक्या किलोचा’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारायचं : कशावर मारला? ‘इतके पीएसआय’ म्हणाला तर विचारायचीही गरज नाही, कारण पीएसआय हे दाबाचं एकक आहे, बलाचं नव्हे. हेवीवेट फायटर फ्रान्सिस एन्गानूच्या पंचाचा तो गाजलेला १,२९,१६१ आकडासुद्धा मोजणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या ‘युनिट’मधला आहे.

प्रयोगशाळेत मोजलेले आकडे त्या मानाने साधे आहेत. १९८५ मध्ये हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रूनोचा पंच मोजला गेला, तो ४०९६ न्यूटन भरला. साधारण ४१८ किलो वजनाइतकं बल, तेही स्पर्श झाल्यापासून १४ मिलिसेकंदांच्या आत. मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर. २००० साली बॉक्सिंगसाठी खास बनवलेल्या बलमापकावर कसलेल्या बॉक्सरांच्या मागच्या हाताची सरासरी ४८०० न्यूटन आली, नवशिक्यांची २३८१. मला त्यातली तिसरी संख्या जास्त आवडते : कसलेल्यांचा पुढचा हात २८४७. म्हणजे त्यांचा जॅबच्या (पुढच्या हाताने मारायच्या झटपट ठोशाच्या) बाजूचा हात नवशिक्याच्या सगळ्यात जोरदार हाताला भारी. दंडाच्या मापाने एवढा फरक पडत नाही. पाय, कंबर आणि खांदा एका ओळीत मुठीमागे येण्याने पडतो. २००५ च्या एका अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशामागचं ‘परिणामी वस्तुमान’ सरासरी २.९ किलो निघालं. नुसती मूठ अर्ध्या किलोच्या आसपासची. उरलेलं मागून येतं.

मनगटाला बांधायचे सेन्सर इथेच लंगडे पडतात. त्यांना हाताचा वेग आणि त्वरण कळतं, मागे किती शरीर आलं ते कळत नाही. हवेत मारलेल्या पंचालाही ते शाबासकी देतात. वेग आणि पंचांची संख्या यांच्यासाठी घ्या, ताकदीसाठी नको.

घरी करायचं असेल तर दोलक वापरा. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग असाच काढला होता : गोळी लटकत्या लाकडात मारायची आणि लाकूड किती झुललं ते बघायचं. तुमच्याकडे लाकडाऐवजी बॅग आहे. तिचं वजन करा. आढ्याच्या हुकापासून बॅगेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मागे पट्टी किंवा खुणा केलेला कागद लावा, बाजूने मोबाइल ठेवा, बॅग पूर्ण स्थिर होऊ द्या आणि मध्यावर एकच पंच मारा. बॅग आडवी किती सरकली ते व्हिडिओत दिसेल. हुकापासूनचं अंतर २ मीटर असेल तर सरकण्याला (मीटरमध्ये) २.२ ने गुणलं की बॅगेचा सुरुवातीचा वेग मिळतो. अंतर वेगळं असेल तर ९.८ ला त्या अंतराने भागून वर्गमूळ घ्या आणि त्याने गुणा. वेगाला बॅगेच्या वजनाने गुणलं की आवेग. ३० किलोची बॅग ४० सेंटिमीटर सरकली तर उत्तर सुमारे २७ येतं. वरच्या २.९ किलोला त्या बॉक्सरांच्या मुठीच्या ९.१४ मीटर वेगाने गुणून बघा, तिथेही जवळपास तेवढंच मिळतं. साखळी आखूड असेल तर बॅग लचकते आणि हिशेब बिघडतो, तेवढं लक्षात ठेवा.

पण यातही एक गोम आहे. बॅगेला नुसतं ढकललंत तरी ती मस्त झुलते! तोच २७ चा आवेग १४ मिलिसेकंदांत दिला तर सरासरी बल १९०० न्यूटनच्या वर जातं, सेकंदाच्या दहाव्या भागात दिला तर जेमतेम २७०. पहिला ठोसा, दुसरा धक्का. म्हणून व्हिडिओ स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने काढा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. मूठ बॅगेला किती फ्रेम चिकटून राहिली ते मोजा आणि झुलण्याच्या आकड्याशेजारी लिहा. झुलणं तेवढंच राहून फ्रेम कमी झाल्या, तर पंच सुधारला. माझ्या पहिल्या व्हिडिओत २२ फ्रेम होत्या. मी बॅगेला ठोसे मारत नव्हतो, तिला दाराबाहेर काढत होतो.

एकाच दिवशी, त्याच बॅगेवर, त्याच ग्लव्ह्जने प्रत्येक हाताचे दहा पंच घ्या, आणि सगळ्यात मोठा आकडा न धरता मधला धरा. मित्राशी तुलना करायची तर दोघांनीही एकच बॅग वापरा.

हातपट्ट्या बांधल्याशिवाय मात्र सुरुवात करू नका. आकड्यासाठी पंच मारताना माणूस नेहमीपेक्षा वेडा होतो आणि शेवटच्या क्षणी मनगट वाकतं. माझं त्या भिंतीवरच्या गादीवर वाकलं होतं, नंतर सहा आठवडे बाटलीचं झाकण डाव्या हाताने उघडत होतो.